देवरेवहिनींचं समुद्रफूल

लोडशेडिंग सुरू झालं की देवरेवहिनी स्टीलचा मग घेऊन काचेच्या टाकीपाशी बसायच्या. मगाने पाणी उचलायचं आणि हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडायचं. पंप बंद, म्हणजे पाण्यात हवा नाही. कधी तीन तास, कधी चार. मी नाशिक रोडच्या त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. वरून धार ऐकू येईनाशी झाली की समजायचं, वीज आली.

टाकीत एक समुद्रफूल होतं. नाव फुलाचं, पण तो प्राणी. काचेला बूड चिकटवून बसायचा आणि बोटांसारखे तपकिरी धागे हलवत राहायचा. वहिनींच्या यजमानांनी, अण्णांनी, तो मुंबईहून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणला होता, हातपाय धड असताना. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. त्यांची कॉट टाकीसमोर आली आणि टाकी वहिनींच्या गळ्यात पडली. माणसं मूळची सटाण्याकडची. आजारानंतर अण्णांकडे अहिराणीचे चार शब्द उरले. झोपेतून उठले की टाकीच्या दिशेने बघत विचारायचे, "शे?" म्हणजे, आहे ना?

"शे. जाईल कुठे?" वहिनी म्हणायच्या.

मला एकदा म्हणाल्या, "दोघांनाही भरवावं लागतं. यांना भात, हिला कोळंबी. फरक इतकाच, ही चवीला नावं ठेवत नाही."

आठ वर्षं त्या भाजीबाजारापलीकडे गेल्या नव्हत्या. मग कोल्हापूरला मुलीचं पहिलं बाळंतपण आलं. दहा दिवस अण्णांजवळ राहायला दीर आले, पण टाकीला हात लावणार नाही म्हणाले. ते काम मी घेतलं. वहिनींनी दोन कॅन दाखवले, एक खाऱ्या पाण्याचा, एक गोड्या.

"पाणी उतरलं की गोडं घाला, शैलाताई. फक्त गोडं."

"हो हो, तुम्ही निघा."

मे महिना होता. दुसऱ्याच दिवशी पाणी दोन बोटं उतरलं. मी गोड्या पाण्याचा कॅन उचलला आणि थांबले. समुद्रातल्या जिवाला नळाचं पाणी? वहिनी घाईत उलटं बोलल्या असणार, असं मीच ठरवून टाकलं. फोन करून विचारलंही नाही. तीन दिवस खारं ओतलं. चौथ्या सकाळी फूल आक्रसून अक्रोडाएवढं झालं आणि अण्णा रडायला लागले. जेवेनात. दिरांनी कोल्हापूरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दारात उभ्या. नात आदल्याच दिवशी झाली होती. तिला जेमतेम तासभर मांडीवर घेता आलं असेल. पिशवी खाली ठेवून त्या मगाने पाणी काढायला बसल्या. थोडं काढायचं, थोडं गोडं घालायचं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "सांगितलेलं ऐकलं नाही."

"खारंच घालावं, सगळ्यांना असंच वाटतं," त्या वर न बघता म्हणाल्या. "उडून जातं ते पाणी, शैलाताई. मीठ आतच राहतं."

चार दिवसांनी फूल उघडलं. मुलीच्या दुसऱ्या खेपेला मी आपणहून वर गेले. "या वेळी तुम्ही म्हणाल तसंच करीन."

"नको हो. उगाच तुम्हालाही घोर," त्या हसून म्हणाल्या. त्यांना एकच दार उघडलं होतं आणि ते माझ्या शहाणपणाने बंद झालं होतं.

अण्णा गेले. तेरावं झाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, आता चल कोल्हापूरला." शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानदाराने फूल घ्यायचं कबूल केलं होतं, पण आधी ते काचेवरून सोडवायचं होतं. मी टाकीतलंच पाणी भरलेली बादली घेऊन उभी राहिले.

"ओढ ना, आई. बस निघेल."

"ओढली तर फाटते. तिची तिला सुटू दे."

वहिनी नखाने बुडाची कड हळूहळू उचलत राहिल्या. पाऊण तासाने फूल सुटलं आणि त्यांच्या तळहातावर आलं. मी बादली पुढे केली. वहिनींनी टाकीतून हात काढला नाही.

"आई, आता काय?"

"थांब गं. आता ही मला धरतेय."

मी बघितलं. धागे खरंच त्यांच्या बोटांना चिकटले होते. मी वहिनींचं मनगट धरलं, हात तसाच अलगद बादलीतल्या पाण्यात बुडवला आणि मुलीला म्हटलं, "ही बस जाऊ दे. संध्याकाळी दुसरी आहे."