झेंड्याची सुरगाठ

मला धड फोटो काढता येत नाही. काढते, पण प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात माझा अंगठा येतो. बारसं असो, लग्न असो, तिरुवैयारु गावची नदी असो, कोपऱ्यात अंगठा आहेच. घरातले म्हणतात, आत्याचा शिक्का बसला. मीही त्यांच्याबरोबर हसायची, या वर्षापर्यंत.

आम्ही तंजावूरचे मराठी. साडेतीनशे वर्षं इथे आहोत. घरात मराठी बोलतो आणि भांडायचं झालं की तमिळवर येतो. लिहायला-वाचायला मला वडिलांनी शिकवलं, म्हणून हे लिहू तरी शकते. माझ्या भाच्याला यातली एक ओळ वाचता येणार नाही. ते बरंच आहे म्हणा.

तीस वर्षं मी ख्रिस्ती मिशनच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. तिथली पीटीची टीचर माझी मैत्रीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणते. आमचं बोलणं सगळं तमिळमध्ये, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. तिचा नवरा फौजेत हवालदार होता. निवृत्त होऊन आला आणि दर पंधरा ऑगस्टला चर्चच्या अंगणात झेंडा लावायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. झेंड्याची घडी कशी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या किती, वरून सुरगाठ कशी मारायची, हे सगळं त्याने बायकोला शिकवलं. एका झटक्यात सुटली तरच ती गाठ, असं म्हणायचा. तो गेला आणि ते काम तिच्याकडे आलं. झेंडा लावून झाला की उरलेल्या पाकळ्या घेऊन ती मागच्या दफनभूमीत जाते आणि त्याच्या थडग्यावर ठेवते. वर्षातून एवढा एकच दिवस ती त्याच्याशी मोठ्याने बोलते. मी फाटकाशी थांबते, मला ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी तिने दोरी ओढली, पाकळ्या तिच्या पांढऱ्या केसांवर पडल्या आणि ती वर बघत राहिली. मी फोटो काढला. इतका छान आला होता! मी तो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चेन्नई, बंगळूर, पुणे, सगळीकडचे आमचे लोक त्यात आहेत. भाचाही आहे.

हा माझा भाचा माझ्याच घरात माडीवर राहतो. मनाने चांगला आहे. माझे डोळे अधू झाल्यापासून दवाखान्यात तोच नेतो. पण राष्ट्र, राष्ट्र करणाऱ्या पक्षाचं काम त्याने अंगात आल्यासारखं घेतलं आहे. निवडणूक आली आणि एके दिवशी सकाळी दाराच्या फटीतून एक पत्रक आत आलं. त्यावर माझी मैत्रीण. वर बघणारी, केसांत पाकळ्या. शेजारी पक्षाचं चिन्ह, आणि खाली तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत, यांचंही देशावर प्रेम आहे, यांचंही मत आम्हालाच.

मी तशीच माडी चढले. "अरे गाढवा, कुणाला विचारून छापलंस हे?"

"आत्या, पक्षाचा झेंडा थोडाच आहे? देशाचा आहे. यात वाईट काय? ते लोक परके नाहीत, हेच तर सांगतोय आम्ही."

"परके? आपण यायच्या आधीपासून तिचे पूर्वज ओरत्तनाडुकडच्या शेतात भात लावत होते. घोड्यावरून आलो आपण! तिला देशप्रेमाचं सर्टिफिकेट देणारा तू कोण?"

तो हसला. म्हणाला, बीपीच्या गोळ्या घेतल्यास का? माझा संताप संताप झाला. पण खरं सांगते, त्या संतापात निम्मी भीती होती. फोटो त्याला दिला कुणी? मीच.

चर्चमध्ये व्हायचं ते झालं. पाद्री सज्जन माणूस. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. ते म्हणाले, हे देवाचं घर आहे. देशासाठी आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो, पण इथला फोटो मतांसाठी फिरायला लागला तर उद्या कुठल्या पक्षाला नाही म्हणणार? कमिटीचा सेक्रेटरी मात्र चढ्या आवाजात बोलला, ही बाई त्यांना जाऊन मिळाली. हे म्हणणाऱ्याने धोतरासारख्या नेसलेल्या वेष्टीच्या काठाला दुसऱ्या पक्षाचे रंग! निवडणुकीत त्याची गाडी दिवसभर कुणासाठी धावत होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण ते चालतं. काठावरचे रंग दिसत नाहीत, पाकळ्या दिसतात.

तिने एवढंच सांगितलं की फोटो मी दिलेला नाही. कुणी दिला, विचारलं तर गप्प राहिली. मग ठरलं, यंदा झेंडा सेक्रेटरी लावेल. बायकांच्या प्रार्थनेत तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. हे तिने मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं, शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता. "देवापुढे मी गुडघे टेकते, झेंड्याला सलाम करते. इतकी वर्षं दोन्ही एकाच अंगणात जमलं, अक्का. आता एक म्हणतात तू परकी, दुसरे म्हणतात तू फितूर."

मी काय केलं? तिला फिल्टरची कापी दिली. साखर जास्त पडली.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. चार महिने रोज ठरवलं, उद्या सांगू. भाच्याचं नाव येईल, तो माडी सोडून जाईल, मग दवाखान्यात कोण नेणार, अशी कारणं मनाशी घोळवली. ती खोटी नव्हती. पण खरं कारण निराळं होतं. तीस वर्षांत तिने माझ्याकडे कधी तिरक्या नजरेने पाहिलं नव्हतं, आणि ती नजर मला सोसली नसती. भित्री होते मी, दुसरं काय!

पंधरा ऑगस्टला तिने सकाळीच फोन केला. "अक्का, या हं. नेहमीसारख्या."

गेले. अंगणात पन्नाससाठ माणसं. ती शेवटच्या रांगेत, हातात पाकळ्यांची पिशवी. सेक्रेटरीने कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. प्रार्थना झाली, त्याने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. वर घडी तशीच, गोळा होऊन. महाशयांनी सुरगाठीच्या जागी निरगाठ मारली होती, आणि ओढेल तसतशी ती आणखी आवळत होती. मुली फिदीफिदी हसायला लागल्या. त्याच्या मानेवरून घाम निथळला. शेवटी पाद्री मागे वळून तिला म्हणाले, "टीचर, जरा बघता का?"

ती जागची हलली नाही. "माझा हात लागलेला चालेल का, ते आधी कमिटीला विचारा," म्हणाली. आवाज शांत होता.

सेक्रेटरी पुन्हा दोरी ओढायला लागला. मी त्या चर्चची नाही, तिथे बोलायचा मला काही अधिकार नाही, तरी पुढे झाले.

"फोटो मी काढला," मी म्हटलं. "घरच्या ग्रुपवर मी टाकला. तिथून माझ्या भाच्याने उचलला आणि छापला. हिला काही माहीत नव्हतं. चार महिने मी तोंड बंद ठेवलं, त्याची मला लाज वाटते."

भाच्याचं नावही घेतलं. सेक्रेटरी म्हणाला, लिहून द्याल? म्हटलं, आण कागद. तिथेच लिहून सही केली. पाद्रींनी तो कागद खिशात ठेवला आणि तिच्याकडे बघून नुसती मान डोलावली. ती पुढे गेली, दोरीने घडी खाली घेतली, दातांनी गाठ सोडवली आणि नवी मारली. पुन्हा वर चढवून एक झटका दिला. झेंडा उघडला. मी फोन पर्समधून काढलाच नाही.

नंतर ती दफनभूमीत जाऊन आली आणि आम्ही तिच्या घरी गेलो. मी खुर्चीच्या टोकावर बसले होते, आता काय ऐकावं लागतं म्हणून. तिने बायबल उघडलं, आतून ते पत्रक काढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. छापताना त्यांनी सगळं नीट केलं होतं, पण तेवढं कापायचं राहून गेलं होतं. माझा अंगठा.

"पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली.

"मग तिथे सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

"चार महिने?"

"रोज वाटायचं, आज सांगाल. शेंगा सोलायला उगीच येत होते का मी?"