धुळ्याचे सत्तावन्न आबा

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे किस्से खरे आहेत. शब्द थोडे माझे आहेत. एका ठिकाणी तर सरळसरळ थाप मारली आहे, पण ती कुठली ते शेवटी सांगेन.

आमच्या जळगावच्या चटईच्या कंपनीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. दहा डेपोंच्या विक्रीची माहिती रोज एका मोठ्या साठ्यात भरायची, हेच आमचं काम. त्याला डेटा वेअरहाऊस म्हणतात. आम्ही तिघं. प्रमुख वैशाली मॅडम, एकदा हातात घेतलेलं काम न सोडणाऱ्या. डेपोतून माहिती ओढून आणणारा फरीदभाई. आणि ती साफ करणारा मी.

*

मालकांनी एकदा विचारलं, तुम्ही तिघं दिवसभर नेमकं करता काय? मालक म्हणजे पांढऱ्या केसांचे, मोजकं बोलणारे. हातात कुठलीही चटई आली की ती उलटी करायची आणि कडेची शिलाई बोटाने मोजायची, ही त्यांची सवय.

फरीदभाई म्हणाला, "शेठ, भरीत करतो. वांगी मी आणतो. हे भाजून साल काढतात. मॅडम डब्यात भरून झाकण लावतात."

मालकांनी शिलाई मोजता मोजता विचारलं, "आणि सालीबरोबर गर गेला तर?"

आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

*

धुळ्याची वांगी यायचीच नाहीत. आमचा प्रोग्राम पहाटे पाचला सगळ्या डेपोंच्या मशीनमधून माहिती उचलतो, आणि धुळ्याचं मशीन रोज बंद. देवपूरच्या त्या डेपोत सव्वीस वर्षं नाना एकटेच बसतात. संध्याकाळी ते मशीनला नमस्कार करायचे आणि मेन स्विच पाडायचे.

फरीदभाईने महिनाभर रोज फोन केला. विनवलं, रागावला, जेवणाची पैज लावली. नानांचं उत्तर एकच: दिवसभर राबलेल्याला झोप नको का?

शेवटी वेळापत्रक आम्ही बदललं. आजही नऊ डेपोंची माहिती पहाटे पाचला येते, आणि धुळ्याची नानांचा सकाळचा चहा झाल्यावर.

*

मॅडमचा एक नियम आहे. साठ्यात गेलेली नोंद पुसायची नाही. चूक झाली तर शेजारी दुरुस्तीची नोंद करा, पण पहिली तिथेच राहील.

मी एकदा चाचणी म्हणून 'उडती चटई, एक नग, नशिराबाद' असं टाकलं आणि ते चुकून खऱ्या साठ्यात गेलं. मी हात जोडले, पुसा म्हटलं. नाही म्हणजे नाही. तेव्हापासून वार्षिक अहवालात छापून येतं: उडती चटई, विकली एक, परत आली एक.

परत का आली, असं मालकांनी विचारलं. मी म्हटलं, "शिलाई कमी भरली."

*

मग एका सोमवारी अहवाल निघाला. धुळे डेपो: विक्री जेमतेम, वर्षभरात ग्राहक दोन. एक आबा, एक अक्का. मालक म्हणाले, महिनाअखेर कुलूप लावा. नानांच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

मॅडमनी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि गाडी काढायला सांगितली. आकडा चुकला असेल तर आपण चुकलो, म्हणाल्या, आणि बरोबर असेल तर नानांना तोंडावर सांगायला मी जाईन.

देवपूरला पोचलो तर डेपोत ही गर्दी. नाना प्रत्येक माणसाला 'या आबा' म्हणत होते, प्रत्येक बाईला 'या अक्का', आणि मशीनमध्येही तेच नाव टाकत होते. एकाच दिवशी, एकाच नावावर, तीच चटई पुन्हा दिसली तर ती नोंद चुकून दोनदा झाली समजायचं आणि गाळायची, हा नियम माझा होता. बाजाराच्या दिवशी तीस आबा हिरवी चटई घेऊन जायचे. त्यातले एकोणतीस मी सालीबरोबर फेकत होतो.

मॅडमनी विचारलं, नाना, नाव का नाही विचारत?

नाना दुखावले. "ताई, वीस वरीस व्हयनात, तो माणूस माले वळखस. आते त्याले नाव इचारू? बठ्ठा माले तोंडपाठ शेतस."

नाव ठाऊक नव्हतं, माणूस पाठ होता. मॅडम म्हणाल्या, मग माणूसच लिहू. मूळ नोंदी नानांच्या मशीनमध्ये होत्याच. तीन दिवस नाना एकेका नोंदीपुढे ओळख सांगत गेले आणि फरीदभाई टाइप करत गेला. 'आबा, मिशीवाले, देवळासाठी लांब चटई.' 'आबा, रुसून निघून जातात, दुपारी परत येतात.' 'आबा, घरून सांगतील तो रंग.' भरले सत्तावन्न आबा आणि एकोणीस अक्का. मी माझा नियम माझ्याच हाताने काढला आणि जुन्या नोंदी तशाच ठेवून धुळ्याचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून भरलं. ओळख लिहायची सवय नानांनाही लागली.

*

मालकांना पटेना. अशा ओळखी कोणीही रचेल, म्हणाले, आणि नेमकं माझ्याकडे पाहिलं. मग कोणाला न सांगता, डोक्याला रुमाल गुंडाळून, स्वतः धुळ्याला जाऊन चटई घेऊन आले. नानांनी त्यांना आजवर फोनवरच ऐकलेलं, पाहिलेलं कधी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आमच्या खुर्च्यांमागे येऊन उभे राहिले. तिकडे नानांचा चहा झाला. इकडे माहिती आली. शेवटची ओळ अशी:

'हिरवी चटई, एक नग. आबा, नवे. उलटी करून शिलाई मोजतात. चटईची गरज नव्हती, दुसरंच काही पाहायला आले होते. चहा पाजला.'

मालकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "धुळं चालू राहू द्या," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "तो शेवटचा आबा तेवढा पुसून टाका."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "शेठ, आपण पुसत नाही."

*

आता थाप कुठली ते. चेहऱ्यावरची रेष हलली नाही, हे खोटं. मालक भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. पण ते सांगितलं की जळगावात लोक बाकीचंही खोटं धरतात, म्हणून तेवढी नोंद मी गाळतो.