मिठाच्या अंगणात चाफा

बेटेगावच्या नर्सरीतून लाल चाफ्याचं रोप घेऊन दमयंती निघाली, ती रिक्षात ते मांडीवर घेऊनच बसली. रिक्षावाला म्हणाला, "काकी, मागं ठेवा ना." ती म्हणाली, "तू पुढं बघ!" पन्नाशी उलटलेली बाई, पण आनंद पोटात मावत नव्हता. नवापूर आल्यावर तर दिसेल त्याला हाक मारून सांगत सुटली, "चाफा हाय, चाफा! अंगणात लावनार!"

का नाही सांगणार? लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा चिंचणीच्या माहेरून चाफ्याची फांदी घेऊन आली होती. ती रुजायच्या आतच सासूनं, साखरबाईनं, उपटून फेकली. मासळीवाल्यांचं अंगण उन्हासाठी असतं. जवळा वाळवायचा तर सावलीचा ठिपकासुद्धा चालत नाही. नवी नवरी चार दिवस फुगून बसली आणि मग मुकाट्यानं मासळीला मीठ चोळायला लागली. त्यातच तिची उमर गेली.

गेल्या वर्षी घरची होडी विकली. मुलगा दर्पण तारापूरला कारखान्यात लागला आणि त्यानं अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवले. "आई, मधले चार ब्लॉक काढ नि लाव तुझं झाड," तो म्हणाला. एवढंच ऐकायला ती जन्मभर थांबली होती.

आता अडचण एकच, ओट्यावर बसलेली साखरबाई. अंगानं म्हातारी झाली होती, जीभ मात्र तरणीताठी. तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून दमयंतीनं पदर खोचला, पहारीनं ब्लॉक उचकटले, खड्डा खणला. रोप उचललं तोच ओट्यावरून आवाज आला, "नको लावू!"

दमयंतीचा पारा चढला. "आय, आता तरी लावू द्या! आता कुठला जवळा वाळतोय हितं?"

"झाड लाव गं. तिथं नको लावू. खाऱ्या मासळीचं पिंप तिथंच होतं ना? सारं पानी तिथंच झिरपायचं. माती चाखून बघ."

दमयंतीनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थू थू करत थुंकली. निव्वळ मीठ! स्वतःच्या हातानं पिंप भरलं होतं आणि स्वतःच विसरली. हुरूप आला की अक्कल अशी चरायला जाते. पण मग लावायचं कुठं? सगळं अंगणच मिठात मुरलेलं. तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

साखरबाई काठी टेकत खाली उतरली आणि ओट्याच्या कोपऱ्यालगतच्या एका ब्लॉकवर तिनं काठी आपटली. "हितं खण. हितं मी मीठ पडू दिलं नाय. कंदीच नाय."

"का हो आय?"

"मी पन आनला होता चाफा, माझ्या आयच्या घरून. माझ्या सासूनं तो हितनंच उपटला."

दमयंती पहार घेऊन धावलीच. खणलं, माती चाखली, गोड! ती लहान पोरीसारखी ओरडली. रोप सरळ धरायला साखरबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि माती लोटून, पाणी घालून झालं तरी म्हातारीनं रोपावरचा हात काढला नाही.