ब्लडप्रेशरचा सौदा

आमचे मालक, माझ्या कुंकवाचे धनी बिरप्पा, सोलापूरच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांचे दलाल. रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा, जितकी बोटं दाबली तितका भाव. तोंडानं एक अक्षर न्हाई. आन् तोरा काय सांगू बाई! एकदा ठरलं की ठरलं, परत त्यावर बोलणं न्हाई.

दुष्काळ सरून दोन वर्सं झाली असतील. मला खोकला झाला म्हणून आम्ही दोघं डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरांनी सहज ह्यांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला आन् म्हणले, "दोनशे दहा!"

"लई सांगताय," मालक म्हणले. "दीडशे करा की."

मला हसू आवरंना. डॉक्टर मात्र हसले न्हाईत. "दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. ब्लडप्रेशर आहे हे. आतल्या आत नसा खराब करतं. हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कुठंही घात होईल." रोज गोळी, मीठ कमी, तंबाखू बंद.

चटणीतलं मीठ कमी केलं तर ह्यांचा रुसवा! पण गोळ्या खाल्ल्या. महिन्यानं मोजलं, दीडशे. मालक टुणकन उठले. "बघ, आणलंच का न्हाई दीडशेवर? मिटला सौदा!"

झालं, गोळ्या बंद. मी लई डोकं फोडलं, पण मिटलेला सौदा उकरतील ते आमचे मालक कसले?

चार महिन्यांनी भर बाजारात दुधनीच्या चनमल्लप्पाचा हात ह्यांनी रुमालाखाली धरला. दाबली चार बोटं, त्याला लागलं एकच. त्यानं परत विचारलं तर मालक चिडले, "मी खोटं बोलतो व्हय?" पण शब्द तोंडातच घोटाळले. दुसरा असता तर फसवलं म्हणून भांडत बसला असता. चनमल्लप्पा भला माणूस. रुमाल टाकून त्यानं ह्यांना टांग्यात घातलं, दवाखान्यात नेलं.

मी पळत गेले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. आन् मला बघून म्हणतात कसं, "काई झालं न्हाई." मला भ्या वाटलं, त्याहून जास्ती राग आला. रडत रडतच ओरडले, "मग उचला की हात!"

हात उचलला गेला न्हाई.

आठवड्यानं जीभ सुधारली. हातही हळूहळू सुधारेल, डॉक्टर म्हणले, पण गोळी चुकवायची नाही.

"किती दिवस?" जित्याची खोड! "दोन महिने धरू?"

"जितके दिवस जगायचंय तितके."

मालकांनी घासाघीस करायला तोंड उघडलं. मग माझ्याकडं बघितलं, आन् डाव्या हातानं गोळी तोंडात टाकली.