इरफानभाईंचा नेम

इरफानभाईंना पिढीजात तिरंदाज मी करून टाकलं, आणि तेही ऑफिसात एका हातात चहाचा कप धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने.

झालं असं. इथे ओमानात, अल खौदची घरं संपून डोंगर सुरू होतात तिथे आमचा एक छोटासा तिरंदाजी क्लब आहे. पुण्याची श्वेता, नागपूरचा सतीश आणि मी असे तिघे दर शुक्रवारी सकाळी तिथे जाऊन बाण वाया घालवतो. यंदा क्लबने सांघिक स्पर्धा जाहीर केली, ती इतिहासाची. तिघांचा संघ, आपल्या मुलखातला जुना पोशाख, एखादी जुनी वस्तू, तिची गोष्ट, आणि मग प्रत्येकाचे तीन बाण. गुण सगळ्याला. आम्ही नावं दिली आणि सतीश लग्नाला गावी निघून गेला. स्वतःच्याच. लग्न जरा पुढं सरकतंय का, असं मी त्याला विचारून पाहिलं. त्याने फोन ठेवला.

तेव्हा मला माझे घरमालक इरफानभाई आणि त्यांच्या गोष्टीतले दाभोळचे तिरंदाज सरदार आठवले. मी क्लबला नाव कळवलं आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं : ‘महाराष्ट्राच्या संघाचे कप्तान इरफानभाई! दाभोळच्या तिरंदाज सरदारांचे थेट वंशज! शुक्रवारी सहकुटुंब या!’ खाली त्यांचा फोटो. हातात सुरमई धरलेला.

चहा संपायच्या आत फोन आला.

“लोकेश, हे काय केलास तू?”

“अभिनंदन, इरफानभाई!”

“अरे कसला अभिनंदन? सलालाहून फोन आला मला. सलालाहून! हजार किलोमीटर! साडू बोलतो, आम्ही गाडी काढतोय.”

“मग बरंच झालं की.”

“काय बरं झालं? मी आयुष्यात धनुष्य हातात धरलेला नाय.”

“पण तुमचे सरदार...”

“सरदार धरायचे. मी कुठं धरतोय?”

इथं माझी बाजू सांगून टाकतो. मी मुखेडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. इरफानभाईंच्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्याने राहतो, आणि दर शुक्रवारी नमाजानंतर बिलकीसभाभी मला जेवायला बोलावतात. त्या घरची रीत अशी, की ताटात कालवण पडलं की इरफानभाईंची गोष्ट सुरू होते, आणि ज्याचं कालवण खायचं त्याची गोष्ट खोडायची नाही. जुनी मंडळी माशातला काटा काढतात तसा गोष्टीतलाही काटा गुपचूप ताटाच्या कडेला ठेवतात आणि उरलेलं चवीनं खातात. मला काटा काढता येत नव्हता. माशातलाही नाही आणि गोष्टीतलाही नाही. खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या नारळाचं देठ बाणाने तोडणारे सरदार मी अख्खे गिळले होते.

इरफानभाई म्हणजे पोटाने पुढे आणि आवाजाने त्याहून पुढे. विशीत इथे आले ते दुसऱ्याच्या दुकानात खोकी उतरवायला. आता स्वतःचं दुकान आहे. विद्यापीठाच्या पोरांना लागणाऱ्या वह्या, हँगर, बादल्या, एक्स्टेंशन बोर्ड आणि छत्र्या. ओमानात छत्र्या कशाला, असं विचारलं तर म्हणतात, “पाऊस काय फोन करून येतो?” दुकानातल्या प्रत्येक वस्तूला गोष्ट. साधा स्टेपलर द्यायचा तर, “ह्याच्या भावाने एका पोराची पीएचडी शिवली, आता तो तिकडं प्रोफेसर आहे.” गिऱ्हाईक हसतं आणि पिनांची पेटी जास्तीची घेऊन जातं. हा माणूस माल विकत नाही, गोष्टी विकतो, माल वर फुकट देतो, असं त्यांचा अर्बाब, म्हणजे पूर्वीचा मालक, म्हणायचा.

एकच गिऱ्हाईक तुटलं होतं. त्यांची मुलगी उमामा.

पूर्वी ती सरदारांची गोष्ट त्यांच्या मांडीवर बसून ऐकायची. यंदा तेरावं लागलं, आणि एका शुक्रवारी तिने ताटातून मान वर केली.

“अब्बा, लास्ट टाइम सरदारकडे टू हॉर्सेस होते. आज फाइव्ह कसे?”

“घोडे वाढतात, बेटा.”

“अब्बा, यातलं काही ट्रू आहे? एनीथिंग?”

भाभी हसल्या, मीही हसलो. ती हसली नाही. त्यानंतर अब्बांनी घसा खाकरला की ती कानांवर हेडफोन चढवायची. इरफानभाई गोष्ट सांगतच राहायचे, पण नजर त्या हेडफोनवर. अख्खं अल खौद ऐकत असलं तरी ज्याने ऐकावं ते कान बंद.

म्हणून त्या संध्याकाळी मी माफी मागायला खाली उतरलो आणि “नाव मागे घेतो” म्हणालो, तर त्यांनी माझा हात धरला.

“नको काढू. तिनं तुझा मेसेज वाचला. मला विचारते, अब्बा, तुम्ही रिअली जाणार? हेडफोन काढून विचारलं रे. आता नाय बोललो, तर ते हेडफोन तिच्या निकाहापर्यंत निघायचे नाहीत.”

दुसऱ्या दिवसापासून दुकानामागच्या मोकळ्या जागेत तालीम सुरू झाली. शिकवायला श्वेता. श्वेता एका कंपनीत हिशेब तपासते आणि माणसांशीही तशीच बोलते.

“इरफानभाई, एक डोळा मिटा.”

“मिटतो. पण गल्ल्याकडे कोण बघणार?”

“दोरी गालापर्यंत ओढा.”

“गाल दोरीपर्यंत नेला तर चालेल?”

विचारून थांबले नाहीत, खरोखरच नेला. बाण सुटला आणि खोक्यात घुसला. फक्त ते खोकं आमचं नव्हतं. आमचं समोर होतं. हे उजवीकडच्या बेकरीवाल्याचं होतं आणि त्यात पाव होते. दुसरा बाणही उजवीकडे. तिसरा भाभींच्या वाळत घातलेल्या दुपट्ट्यातून, उजवीकडेच.

“सगळे उजवीकडे जातायत,” श्वेता म्हणाली.

“मग खोकाच उजवीकडे सरकवा ना,” इरफानभाई म्हणाले. “माल गिऱ्हाइकाकडे जात नसेल तर गिऱ्हाईक मालाकडे आणायचा.”

पोशाखाचं भाभींनी मार्गी लावलं. बैठकीच्या खोलीतल्या लाल पडद्याचा अंगरखा शिवला, उरलेल्या कापडाचे आमच्या दोघांचे कमरबंद. राहिली जुनी वस्तू. त्या घरात जुनं म्हणण्यासारखं एकच होतं : पितळेचा दल्ला, म्हणजे इथली ती चोच असलेली कॉफीची किटली. त्यात दुकानाच्या चाव्या असतात.

“हाच न्यायचा,” इरफानभाई म्हणाले. “सरदारांना बादशहाने दिलेला!”

भाभींनी चाव्या काढून ओट्यावर ठेवल्या. एव्हाना मलाही काटा ओळखू यायला लागला होता.

शुक्रवार उजाडला. दुपारच्या नमाजानंतर मैदानावर ही गर्दी. मराठी मंडळ सतरंज्या घेऊन आलं होतं. सलालाचे साडू कुटुंबासह पहिल्या रांगेत. शेजारी उमामा, हेडफोन गळ्यात. इजिप्तवाल्यांनी घरातले टॉवेल गुंडाळून फारो उभे केले होते. आमच्या उजव्या हाताला विद्यापीठातल्या ओमानी मुलांचा संघ, जुन्या खलाशांच्या वेषात. त्यांचा कप्तान जमाल हा दुकानातलं नेहमीचं गिऱ्हाईक. परीक्षक होते इब्रा गावचे एक निवृत्त इतिहास-शिक्षक. पांढरी दाढी, हातात काठी. त्यांनी सुरुवातीलाच नियम सांगितला : नेम चुकून बाण शेजारच्या टार्गेटला लागला, तर गुण शेजाऱ्याला.

“इतिहासात असंच होतं,” ते म्हणाले. “माल ज्याच्या बंदरात उतरला, जकात त्याची.”

श्वेताने इरफानभाईंकडे पाहिलं. मग उजवीकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

आमची पाळी आली. गुरुजींनी दल्ला हातात घेतला, उलटा केला, बोटाने वाजवला.

“हा कुणाचा?” त्यांनी अरबीत विचारलं.

इरफानभाईंनी छाती काढली. पडद्याचा अंगरखा ताणला. सरदार, बादशहा, पाच घोडे, सगळे त्यांच्या ओठांशी येऊन उभे राहिलेले मला दिसले. आणि समोर उमामाचा हात हळूच गळ्यातल्या हेडफोनकडे जाताना त्यांना दिसला.

इरफानभाईंनी तोंड मिटलं. बावीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाचं तोंड मिटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“विसरले की काय?” श्वेता कुजबुजली.

“माझ्या पणजोबांचा,” ते म्हणाले. “सरदार नव्हते ते. गलबतावर भात शिजवायचे.”

मग त्यांनी गोष्ट सांगितली, एक वाक्य दुकानातल्या अरबीत, एक आमच्याकडे वळून मराठीत. दाभोळहून कौलं भरून गलबत निघालं इकडच्या सूर बंदराला. स्वयंपाकी म्हणून पणजोबा. खाडी संपली तिथून जे ओकायला लागले ते सूर दिसेपर्यंत. सूरला उतरले, पाय रोवले आणि तांडेलाला म्हणाले, ही जमीन हलत नाही, मी हिच्यावरून हलणार नाही. गलबत खजूर भरून परत गेलं. मग वारा फिरला, पुढच्या मोसमापर्यंत दुसरं गलबत नाही. एका गलबत बांधणाऱ्या कारागिराने त्यांना ठेवून घेतलं. पणजोबांनी त्याच्या माणसांना आमच्याकडचं कालवण करून घातलं.

“तिखट?” गुरुजींनी विचारलं.

“पहिल्या दिवशी सगळे उठून समुद्राकडे पळाले, उस्ताद. दुसऱ्या दिवशी रागाने आले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारायला आले, आज का नाही केलंस?”

गुरुजींची दाढी हलायला लागली.

“निघताना त्यांनी हा दल्ला दिला. बोलले, तुझ्या जेवणावर आम्हाला कॉफीच उतारा सापडली. घेऊन जा, तुझ्या घरच्यांनाही लागेल.”

“आणि धनुष्यबाण?”

“नाय. त्यांच्या कमरेला मिरच्यांची पुरचुंडी असायची फक्त.”

मैदान हसत होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बारीक आवाज आला. “अब्बा, मग ते घरी कसे आले? बाय शिप?”

“शिपनेच, बेटा. पुन्हा ओकत.”

उमामा हसली. सगळ्यांचं थांबलं तरी हसत राहिली. मग एकदम म्हणाली, “हे तुम्ही कधीच नाही सांगितलं!”

“ओकणारा पणजोबा कोण सांगतं?”

बाणांचं काय सांगू. श्वेताने हिशेबी मारले, मी सांभाळून घेतले. इरफानभाईंचा पहिला बाण वाळूत. दुसरा कुठे गेला ते अजून कुणाला कळलेलं नाही. तिसऱ्याला त्यांनी खूप वेळ घेतला. गाल दोरीपर्यंत नेला, एक डोळा मिटला, घाबरून दुसराही मिटला आणि सोडला.

थाड्!

पिवळ्या वर्तुळाच्या मधोमध. केस ठेवायला जागा नाही इतका मधोमध. जमालच्या टार्गेटवर.

“माशाल्ला!” सलालाचे साडू उभे राहून ओरडले. टार्गेट कुणाचं हे त्यांना कळलं नव्हतं, आणि सांगायचं धाडस कुणाला होईना. त्या एका बाणावर जमालचा संघ पहिला आला. आम्ही शेवटून दुसरे. शेवटचे इजिप्तवाले, कारण एका फारोचा टॉवेल ऐन वेळी सुटला. गोष्टीचे सगळ्यांत जास्त गुण मात्र आमचे.

जमाल धावत आला आणि इरफानभाईंच्या गळ्यात पडला. इथे बापाला लेकराच्या नावाने हाक मारतात. “अबू उमामा! आमच्या संघातला सगळ्यांत चांगला तिरंदाज तूच. माझी आई हलवा करते, एक मोठं भांडं तुझं देणं लागतो आम्ही. उद्याच आणतो.”

“इन्शाल्ला, इन्शाल्ला,” इरफानभाई म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी, दुकानात कामावर नवीनच आलेला एक रायगडचा पोरगा भाभींच्या घरी जेवायला होता. इरफानभाईंनी घसा खाकरला. “अख्खा मैदान भरलेला. शेवटचा बाण. दोन्ही डोळे मिटलेले. आणि पिवळ्याच्या बरोब्बर मधे!”

“दोन्ही डोळे मिटून?” पोराने माझ्याकडे पाहिलं. मी सुरमईत डोकं घातलं.

“ट्रू आहे,” उमामा म्हणाली. “मी पाहिलं. एकदम सेंटर.” आणि काटा काढून शांतपणे ताटाच्या कडेला ठेवला. हेडफोन फ्रिजवर होते.

जमाल अजून दर आठवड्याला दुकानात येतो. भर गर्दीत ओरडून विचारतो, “अबू उमामा, तुझा हलवा कधी आणू?” इरफानभाईंचं उत्तर ठरलेलं : “पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला.”

मला हलवा आवडतो. मी एकदा न राहवून म्हणालो, “घ्या की एकदाचा. किती ताटकळत ठेवणार त्याला?”

“वेडा आहेस तू. हलवा खाल्ला की खलास. मग तो येऊन सगळ्यांसमोर विचारेल कशाला?”

तेवढ्यात हँगर घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मान वळवली. “कसला हलवा, भाई?”

इरफानभाईंनी काउंटरखालून स्टूल ओढून पुढे सरकवलं.