नसीमचं जहाज

“मॅडम, सेलिंग टेंटेटिव्हली कन्फर्म्ड आहे.”

क्रूझ कंपनीच्या बुकिंग डेस्कवरचा रोहन हे वाक्य मला त्या वर्षात तिसऱ्यांदा ऐकवत होता. सेलिंग म्हणजे जहाजाची एक पूर्ण फेरी, मुंबई बंदरातून सुटून परत तिथे येईपर्यंतची.

“टेंटेटिव्हली कन्फर्म्ड म्हणजे काय रे? सुटणार की नाही सुटणार?”

“सुटणार मॅडम. फक्त परमिशन पेंडिंग आहे.”

“म्हणजे नाही सुटणार.”

“तसं नाही म्हणता येणार मॅडम.”

मी फोन ठेवला. आपटलाच म्हणा. समोरच्या खुर्चीत नसीम बसली होती. मास्कच्या वर तिचे नुसते डोळे दिसत होते, आणि ते माझ्या तोंडाकडे लागले होते. “काय झालं मॅडम?” तिने विचारलं. मला रोहनचा राग आला, सरकारचा आला, आणि खरं सांगायचं तर नसीमचाही आला. कारण या बाईला मी कधीच कुठेतरी पाठवून मोकळी झाले असते. ती जहाजाशिवाय कशालाच तयार नव्हती.

पनवेलमध्ये माझं छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे. बरीच वर्षं झाली. लोकांना फिरायला पाठवणं हे माझं काम. कोविडमध्ये ते उलटं झालं. सकाळी शटर उघडायचं आणि दिवसभर लोकांना ‘जाता येणार नाही’ हे सांगायचं. परदेश बंद होताच. देशातल्या देशातही गोव्याला जायचं तर टेस्टचा रिपोर्ट लागायचा, दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर कधी ई-पास लागायचा, कधी नाही. आमचं पनवेल निर्बंधांच्या कुठल्या लेव्हलला आहे आणि अलिबाग कुठल्या, हे दर आठवड्याला बदलायचं. हॉटेलवाले विचारायचे, “मॅडम, आम्ही उघडलंय का?” मी त्यांना सांगायचे.

नसीम जुन्या पनवेलमधली. नवरा इम्तियाज कुवेतला क्रेन चालवतो. दोन वर्षांतून एकदा त्याला दीड महिन्याची सुट्टी मिळते. त्या वर्षी तो सुट्टीवर आला, दुसरी लाट आली, आणि कुवेतने भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं. इम्तियाज इथे अडकला. सगळी गल्ली त्याच्यासाठी हळहळली. नसीमला मात्र लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच नवरा इतके महिने घरात मिळाला होता.

घरात म्हणजे सासू, दोन दीर, जावा, त्यांची मुलं, हिची मुलगी आणि येणारेजाणारे, यांच्यात. “सुट्टी इम्तियाजची असते मॅडम, पण ती वाटली जाते खानदानात,” ती म्हणाली होती. गल्फमधून माणूस आला की त्याने प्रत्येक नातेवाइकाकडे हजेरी लावायची, चॉकलेटं आणि अत्तर घेऊन. एक घर जरी सुटलं तरी पुढच्या सुट्टीपर्यंत रुसवा. यात बायकोच्या वाट्याला काय येतं, ते समजून घ्या.

तिला दोन दिवस पाहिजे होते. फक्त ती आणि तो.

मी म्हटलं, एवढंच ना? आणि महाराष्ट्राचा नकाशा उघडला. मुरुड?

“नको मॅडम. तिथे खाला आहे, मावशी आमची.”

“मग खालाकडे नका जाऊ. हॉटेलात राहा.”

“खालाच्या गावात हॉटेलात? मॅडम, खाला मरेपर्यंत बोलणार नाय आमच्याशी. आणि तिच्याकडे उतरलो तर तिच्या सहा खोल्यांत अकरा माणसं आहेत.”

श्रीवर्धनला फूफी, म्हणजे आत्या. म्हसळ्यात तिचं माहेरच. दापोलीला सासूचे भाऊ. महाडला मोठ्या जावेचे आईवडील. महाबळेश्वरला नणंदेच्या नवऱ्याचं दुकान, तेही नेमकं बाजारात, जिथून गेल्याशिवाय कुणी महाबळेश्वर बघूच शकत नाही. गोव्यात मडगावला मामू. मी चिडून माथेरान म्हटलं. “तिथे तर अर्धं पनवेल भेटतं,” ती म्हणाली. आणि ते खरं होतं. शिवाय कुठेही गेलं तरी फोन असतोच. अम्मींचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला आणि उचलला नाही, तर दुपारपर्यंत दोन्ही दीर गाडी घेऊन दारात.

नसीमला जहाज का पाहिजे, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. समुद्रात नातेवाईक नसतात. रेंजही नसते. आणि अम्मींना सोबत नेण्याचा प्रश्न नव्हता, कारण त्यांना मोरा बंदराच्या लाँचमध्येसुद्धा उलट्या होतात.

मी तिला सांगितलं की एक ‘हाय सीज’ नावाची सेलिंग असते. जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही. समुद्रात आत जातं, फिरतं आणि दोन रात्रींनी परत येतं. लोकांना ती सहसा आवडत नाही. “एवढा खर्च करून कुठेच जायचं नाही?” असं विचारतात.

“कुठेच जात नाय?” नसीम म्हणाली. “मग हेच द्या.”

तेव्हापासून आमची दोघींची वरात सुरू झाली. पहिली तारीख दुसऱ्या लाटेने खाल्ली. मग पावसाळा आला, खवळलेल्या समुद्रात ही जहाजं फिरत नाहीत. मग नवीन तारीख आली, ती परमिशनसाठी अडकली. कंपनी दर वेळी एक सर्क्युलर पाठवायची. त्यात जहाजावर सॅनिटायझर कुठे कुठे ठेवलेत ते दोन पानं भरून असायचं. जहाज कधी सुटणार ते नसायचं. मी नसीमचं बुकिंग होल्डवर ठेवलं होतं, म्हणजे जागा आपल्या नावावर, पण पक्की नाही. दर वेळी ती घरी तारीख सांगायची, दर वेळी ती रद्द व्हायची. सासू विचारायची, जावा हसायच्या. नसीम सरळ माझ्या ऑफिसात येऊन बसायची. मला इतर कामं करता यायची नाहीत. तशी इतर कामं नव्हतीच, पण तरी.

अखेर गणपतीनंतर रोहनचा फोन आला. आवाजच वेगळा होता. “मॅडम, फायनल! शनिवारी सुटतंय!”

मी नसीमला फोन लावला. ती रडत होती. मला वाटलं, आनंदाने. जहाज सुटायला लागलं म्हणजे जग उघडायला लागलं होतं, आणि जग उघडलं त्यात कुवेतही उघडलं होतं. इम्तियाजच्या कंपनीने फ्लाइटचं तिकीट पाठवलं होतं, गुरुवारचं. शनिवारच्या आधीचा गुरुवार.

अर्ध्या तासात ती ऑफिसात. सोबत इम्तियाज. उंच, शांत माणूस, मास्कमध्ये आणखीच गप्प. “फ्लाइट पुढे ढकलता येईल?” मी विचारलं.

“नाय मॅडम. इतके महिने गैरहजर. आता नाय गेलो तर नोकरी गेली.”

मी रोहनला फोन केला. आधीची एखादी सेलिंग? “मॅडम, पहिलीच सेलिंग शनिवारची आहे.” मग पुढे वापरता येईल असं काही? “हो मॅडम, गेस्टना कधीही फ्यूचर क्रूझ घेता येईल!” गेस्ट दोन वर्षांनी परत येणार, हे त्याला कोण सांगणार.

नसीमने डोळे पुसले. “राहू दे मॅडम. नशीबच नाय.”

नशीब हा शब्द ऐकला की माझं टाळकं सटकतं. एवढे महिने मी हिच्यासाठी घसा कोरडा केला, ते नशिबासाठी? मी ओरडले, “अहो, यापेक्षा इथल्याच एखाद्या हॉटेलात जाऊन राहिला असता, तर कधीच झालं असतं!”

मी चिडून बोलले होते. पण नसीमने मान वर केली.

“पनवेलमध्ये?” ती म्हणाली.

“पनवेलमध्ये कोण शोधणार आहे तुम्हाला?” मी म्हटलं, आणि म्हणतानाच लक्षात आलं की खरंच कुणी शोधणार नाही. पनवेलचा माणूस पनवेलच्या हॉटेलात कशाला राहील?

इम्तियाज पहिल्यांदाच हसला. “आणि घरी?”

“घरी सांगा, जहाज मंगळवारी सुटतंय.” तारीख पुढेमागे होण्याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की कुणी चकार शब्द काढला नसता.

खांदा कॉलनीच्या बाजूला एक बरं हॉटेल आहे. न्हावा शेवा बंदरात मालाच्या तपासणीसाठी येणारे सर्व्हेयर तिथे उतरतात, माझ्याच मार्फत. तेव्हा ते रिकामं पडलं होतं. मी मॅनेजरला फोन केला. रूम आहे, म्हणाला. मी आधार कार्डं पाठवली. लगेच त्याचा फोन.

“मॅडम, लोकल आयडी आहे. लोकल आयडीवर कपलला रूम देत नाही. पॉलिसी आहे.”

“अहो, नवरा-बायको आहेत!”

“असतील मॅडम. पण पनवेलचे आहेत ना. घर असताना हॉटेलात कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर त्याला देण्याची माझी इच्छा नव्हती. “मग मॅरेज सर्टिफिकेट पाठवा,” तो म्हणाला. नऊ वर्षांचा संसार, आठ वर्षांची मुलगी, आणि आपल्याच गावात एका खोलीसाठी कागद दाखवायचा. मी त्याला सुनावलं. तुझ्या रिकाम्या हॉटेलात माणसं येतायत त्यांना हाकलतोस, आणि उद्या सर्व्हेयर परत आले की मलाच फोन करशील, तेव्हा माझीही काही पॉलिसी असेल. तो “बघतो” म्हणाला. मी मालकालाच फोन लावला. मागच्या बाजूची एक रूम मिळाली.

नसीमच्या धाकट्या दिराला त्यांना गाडीने मुंबई बंदरात सोडायचं होतं. मी सांगितलं, चालणार नाही, कोविड प्रोटोकॉल, फक्त कंपनीची गाडी. महिनोन्‌महिने या प्रोटोकॉलने माझं डोकं खाल्लं होतं, तो एकदाचा कामाला आला. मंगळवारी सकाळी माझ्या ओळखीचा टॅक्सीवाला त्यांच्या दारात गेला. अम्मींनी दुआ वाचून दोघांवर फुंकर घातली, मुलीने हात हलवला, गल्ली लोटली. टॅक्सी हायवेला लागली, कळंबोलीला वळली आणि मागच्या रस्त्याने परत आली.

त्यांचे फोन बंद. अडीअडचणीला म्हणून घरी माझा नंबर दिलेला. हा माझा मूर्खपणा.

दुपारी अम्मींचा फोन. “बेटी, जहाज कुठवर गेला?”

“बरंच आत गेलंय अम्मी.”

“किनारा दिसतो काय?”

“नाही, आता नाही दिसत.”

संध्याकाळी परत. “हितं पाऊस लागलाय. तिथं हाय काय?”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. “हो अम्मी. तिथेही लागलाय.”

“त्याला बोल, डोकं भिजवू नको. परवा विमानात बसायचंय.”

“सांगते,” मी म्हटलं. इतकं खोटं मी क्रूझच्या सर्क्युलरमध्येही वाचलं नव्हतं.

ते गुरुवारी सकाळी घरी पोचले आणि त्याच रात्री इम्तियाज गेला. नसीम काही दिवसांनी आली, मिठाईचा डबा ठेवला, थँक यू म्हणाली आणि गेली. मला राग आला. एवढी यातायात केली आणि ही बाई दोन वाक्यं बोलायला तयार नाही. वर अम्मींनी जहाजाचं असं कौतुक पसरवलं की श्रीवर्धनच्या फूफी सहकुटुंब बुकिंगला हजर. त्यांना मी खऱ्या जहाजावर पाठवलं. परत आल्यावर म्हणाल्या, नसीम बोलली तेवढं काय खास नाय.

दोन वर्षं गेली. सगळं उघडलं. एका दुपारी नसीम दारात. इम्तियाज आला होता सुट्टीवर.

मी खुशीत ब्रोशर काढलं. “आता बघा! सीझनमध्ये सारखी सेलिंग असतात. परमिशन नाही, पेंडिंग नाही. हाय सीज पाहिजे ना?”

तिने ब्रोशर माझ्याकडे सरकवलं. “मॅडम, तीच रूम मिळेल? मागची?”

“अहो, खरं जहाज आहे आता!”

“जहाजावर माणसं असतात.” ती जराशी हसली. “मॅडम, तुम्हाला तेव्हा बोलले नाय. त्या दोन दिवसांत आम्ही फक्त भांडलो.”

“भांडलात?” मी विचारलं.

“घरी कधी भांडणार? भिंतीपलीकडे जाऊ झोपते. फोनवर कधी? अम्मी बाजूला असतात. आणि सुट्टीवर आलेल्या माणसाशी कोण भांडतं, चार दिवसांचा पाहुणा. नऊ वर्षांचं साठलेलं. तो कुवेतला परत जाणार हे त्याने मला एकदाही विचारून ठरवलं नव्हतं. त्या रूममध्ये त्याने पहिल्यांदा विचारलं. मी नको बोलले. तो मोठ्याने बोलला, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने. खूप बरं वाटलं मॅडम.”

“मग ठरलं काय?”

“गुरुवार आला ना मध्ये,” ती म्हणाली. “अर्धं राहिलंय.”

मी हॉटेलात फोन केला. मॅनेजर नवीन होता. “मॅडम, लोकल आयडी असेल तर...” त्याने सुरू केलं, आणि मी खुर्ची पुढे ओढून नीट बसले.

धंद्यात मी एवढंच शिकले. हल्ली कुणी फिरायला जायचं म्हणून आलं की मी नकाशा लगेच उघडत नाही. ‘कुठे जायचंय’ हे मागाहून विचारते. आधी विचारते, कुणापासून.