एका मताची पोटनिवडणूक

मालनबाई खोटं बोलते हे मंडईत कुणापासून लपलेलं नाही. कालची कोथिंबीर आजची म्हणून विकते, आणि गिऱ्हाइकाने जुडी नाकाशी नेली की म्हणते, "वास कसला घेताय? फोडणीला घालायचीय की देवाला वाहायचीय?" गिऱ्हाईक गप्प. पण आमच्या कसबा पेठेत तिने जे एक खोटं रचलं, त्यात माझे दोन कर्णे कामाला लागले आणि माझी झोप उडाली. म्हणून ते मीच सांगणार. दुसरं कुणी सांगायला लागलं की तिखटमीठ लावतं आणि नेमकं माझं नाव विसरतं.

मी मन्सूर. स्पीकर भाड्याने द्यायचं आमचं दुकान आजोबांपासूनचं. लग्न, गणपती, उरूस, पंधरा ऑगस्ट, सगळीकडे आमचेच कर्णे. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर मालनबाई आणि तिचे यजमान हिंमतराव. हिंमतराव आधी फौजेत होते, मग एका सहकारी बँकेच्या दारात बंदूकवाले गार्ड. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची, दुनळी. गल्लीतली पोरं विचारायची, "काका, कधी उडवलीत का हो?" काका म्हणायचे, "उडवावी लागत नाही, त्याचाच पगार घेतो."

नव्वदचं दशक सरत आलं. बँकेत कॉम्प्युटर आले, दारावर एजन्सीची निळ्या कपड्यांतली पोरं आली, आणि हिंमतरावांना हार घालून घरी पाठवण्यात आलं. त्याच सुमारास त्यांच्या वरच्या खोलीत शुभंकर राहायला आला. यवतमाळकडचा, कॉम्प्युटर शिकायला आलेला, बरोबर तिकडचेच आणखी तिघं. त्यांनी कॉम्प्युटर आणला, त्याला फोनची तार जोडली. इंटरनेट लागताना ते यंत्र असं किंचाळायचं की माझ्यासारख्या स्पीकरवाल्याचेही कान किटायचे. पोरं मात्र गुणाची. काकांना नमस्कार केल्याशिवाय जिना चढायची नाहीत.

हिंमतरावांनी आधी पेपर बंद केला, कारण त्यात म्हणे त्यांच्याबद्दल छापून येत होतं. मग टीव्ही बंद केला, कारण बातम्या देणारी बाई त्यांच्याकडेच बघत होती. मग म्हणायला लागले, वरचं यंत्र माझ्या डोक्यातलं सगळं तारेतून बँकेला कळवतं. मालनबाईने पोरांना सांगून ती तारच काढायला लावली. यंत्र गप्प झालं, पण हिंमतरावांना ते ऐकू येतच राहिलं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळी गल्ली त्यांना सामील आहे. तुम्ही सोडून." मी मान हलवली आणि दुकानात येऊन नुसता बसून राहिलो.

दसऱ्याला त्यांच्याकडे बंदुकीची पूजा असायची. दरवर्षी पाटावर बंदूक मधोमध उघडलेली आणि रिकामी, नळ्यांतून आरपार दिसलं पाहिजे हा फौजी नियम. त्या वर्षी मालनबाई झेंडूचा हार घालायला वाकली, तर बंदूक मिटलेली. "अहो, आज मिटलेली का?" तिने विचारलं. हिंमतराव शांतपणे म्हणाले, "भरलेली आहे. वर चौघंच आहेत. एकदा जाऊन यायचं, की कायमचं गप्प होईल सगळं." आणि म्हणाले, "आरती कर." तिने आरती केली. निरांजन मधेच विझलं, ते तिने परत लावलं.

दुसऱ्या दिवशी मंडईला दांडी मारून ती माझ्या दुकानात आली. अख्ख्या पुण्याला तोंड देणारी बाई स्टुलावर बसून ढसाढसा रडली. "मन्सूरभाऊ, माझा माणूस वाईट नाही हो. पण त्या पोरांच्या आयांना मी काय सांगू?" मी पंखा लावला.

पोरांना तिने दिवाळीसाठी लवकरच गावी पिटाळलं. "पुढं गाडीला मरणाची गर्दी होते," म्हणाली. मुदत तेवढीच, भाऊबीज झाली की पोरं परत येणार. मग ती एकटीच मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना भेटून आली. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हा आजार आहे, औषधाने उतरतो, पण औषध लागू पडायला वेळ लागतो आणि तोवर बंदूक घरात नको. तिथून ती चौकीत गेली. तिथले साहेब म्हणाले, "बाई, काही झालं की या."

"काही झाल्यावर मी कशाला येऊ?" मालनबाई म्हणाली. "तुम्हीच याल की गाडी घेऊन!"

एक म्हातारा हवालदार तिच्या मागोमाग बाहेर आला. म्हणाला, मालकाने स्वतः आणून दिली तर आम्ही ठेवून घेतो, कारण विचारत नाही, निवडणुकीच्या टायमाला सगळे आणून देतातच. बिचारा सहज बोलून गेला. मालनबाईच्या डोक्यात चक्र सुरू झालं.

"सरळ चोरू या ना बंदूक," तिने दुकानात येऊन हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो.

"कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात असते. आणि चोरली, तर पोरांनीच नेली म्हणतील. घरात कोयता आहे, मन्सूरभाऊ."

"मग काय करायचं?"

"निवडणूक लावायची."

"अहो, निवडणूक काय आपण लावतो का?"

"दिल्लीवाले उठसूट लावतात, त्यांना कुणी विचारत नाही. आपण एक लावली तर एवढं काय बिघडलं?"

मी हात टेकले. पण विचार केला तर बाईचं बरोबर होतं. हिंमतराव पेपर वाचत नव्हते, टीव्ही बघत नव्हते, गल्लीबाहेर पडत नव्हते. निवडणूक गल्लीपुरती झाली तरी पुरे होती. तिने महापालिकेची पोटनिवडणूक ठरवली. उमेदवार दशरथ, गल्लीच्या तोंडाशी त्याची इस्त्रीची टपरी. जन्मात कुणाशी वाद न घातलेला माणूस. चिन्ह अर्थातच इस्त्री. घोषणा आमच्या जैनबने केली, "काढायच्या असतील सुरकुत्या, दशरथला मत द्या!" माझी बायको लग्नात उखाणा घ्यायला तयार नव्हती, आणि इथे कविता!

इतपत ठीक होतं. पण ही कसबा पेठ आहे. इथे काही साधेपणाने होईल तर शपथ. पिठाच्या गिरणीचे हिंदुराव तणतणत दुकानात आले. "मला कुणी विचारलं नाही?"

"अहो, खोटी निवडणूक आहे," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"खोट्या निवडणुकीतसुद्धा मला डावलता?" म्हणाले, आणि विरोधात उभे राहिले. वर माझ्याकडेच दुसरा कर्णा मागितला. दशरथची तर तऱ्हाच और. बायका त्याला नळाच्या पाण्याचं विचारायला लागल्या आणि हा चक्क आश्वासनं द्यायला लागला. लोकांचे कपडे टपरीत तसेच पडलेले, आणि हा हात जोडत दारोदार. माझा ईदचा सदरासुद्धा आचारसंहितेत अडकला.

वरवर हसत होतो, पण आतून माझी पाचावर धारण बसली होती. ज्या माणसाला वाटतंय की अख्खी गल्ली आपल्याविरुद्ध कट करतेय, त्याला वाचवायला अख्खी गल्ली खरोखरच कट करत होती. त्याला पत्ता लागला तर काय होईल, हे मी जैनबलासुद्धा बोललो नाही.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी माझी रिक्षा गल्लीत शिरली. मी स्वतः माईक धरला होता. आधी इस्त्री, मग हिंदुरावांची चक्की, आणि मग मुख्य मुद्दा, "आचारसंहिता लागू झाली आहे. परवानाधारकांनी आपापली हत्यारं चौकीत जमा करावीत." हिंमतराव खिडकीत उभे होते. त्यांनी रिक्षाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खिडकी लावून घेतली. मला वाटलं, संपलं सगळं.

आत काय झालं ते मालनबाईने नंतर सांगितलं. ती म्हणाली, "अहो, जमा करायला पाहिजे ना?" त्यांनी गळ्यातली किल्ली काढून हातात घेतली. मग म्हणाले, "पाहिजे. नियम आहे." गार्डचे खाकी कपडे बाहेर काढून अंगावर चढवले, कपाट उघडलं, बंदूक उघडून दोन्ही काडतुसं काढली आणि बायकोच्या हातावर ठेवली. बंदूक कापडी पिशवीत घालून बाहेर आले. मी आणि मालनबाई बरोबर निघालो. वाटेत दशरथने त्यांच्यापुढे हात जोडले. हिंदुरावांनी त्याला ढकलून आपले जोडले. हिंमतराव दोघांना म्हणाले, "बघू."

हवालदाराला आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने बंदूक घेतली, पावती केली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि हिंमतरावांनी विचारलं, "मतदान कधी आहे?"

या अल्ला! उमेदवार होते, चिन्हं होती, कविता होती. तारीख ठरवायचंच आम्ही विसरलो होतो. हवालदाराने माझ्याकडे बघितलं, मी मालनबाईकडे.

"पुढं ढकललंय," ती म्हणाली.

"हो, वरून आदेश आहेत," हवालदार म्हणाला.

"मतदानाला तारीख नाही, आणि आचारसंहिता लागली?"

"हल्ली असंच असतं," मालनबाई म्हणाली.

त्यांनी पावती घडी घालून खिशात ठेवली. बाहेर आल्यावर मालनबाई चौकीच्या पायरीवर थांबली. तिने मूठ उघडली, तर काडतुसं घामाने ओली झाली होती.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण भीती गेली होती. हिंमतरावांना कैक दिवस झोप नव्हती. झोपेचं औषध मिळेल म्हणून ते डॉक्टरीणबाईंकडे यायला तयार झाले. त्यांनी झोपेचंही दिलं आणि आजाराचंही, दोन्ही नीट समजावून सांगून. मधे दोनदा हिंमतरावांनी गोळ्या फेकल्या, मालनबाईने परत आणल्या. उन्हाळा लागेपर्यंत माणूस हळूहळू परत आला. पेपर सुरू झाला. शुभंकरने तार जोडली, यंत्र किंचाळलं, आणि काका जिना चढून वर गेले. मालनबाईचा जीव टांगणीला. ते खाली येऊन म्हणाले, "त्यात त्याने यवतमाळचं तापमान दाखवलं. फार आहे."

आणि एक दिवस त्यांनी मला घरी बोलावलं. मालनबाई चहा गाळत होती.

"डॉक्टर म्हणतात, गल्लीत कट वगैरे काही नव्हता," ते म्हणाले. "पेपर, टीव्ही, यंत्र, सगळं आजारातलं. मला पटलं. एकच विचारायचं राहिलं. ती निवडणूक?"

बंदूक अजून चौकीत होती. परवाना त्यांचा, पावती त्यांची, उद्या जाऊन घेऊन आले असते. मालनबाईने एवढंच म्हणायचं होतं की निवडणूकही आजारातलीच. खोटं बोलणं तर तिच्या हातचा मळ. मी तर तिच्या वतीने मानही हलवायला लागलो होतो. पण तिने गाळणी खाली ठेवली.

"ती आम्ही केली," ती म्हणाली. "मी केली. सगळी गल्ली होती त्यात. हे मन्सूरभाऊसुद्धा."

माझं नाव घ्यायची काय गरज होती! हिंमतरावांनी मान खाली घातली. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. बघतो तर माणूस हसत होता.

"म्हणजे तेवढं माझं बरोबर होतं!" ते म्हणाले. "दशरथ आणि निवडणुकीला? अरे, मी वेडा झालो होतो, मूर्ख नव्हतो!"

"मग दिलीत कशाला बंदूक?" मी विचारलं.

त्यांचं हसू थांबलं. "मला भीती वाटत होती, मन्सूरभाई. माझीच. ती हातातून सुटायला हवी होती आणि मला सोडता येत नव्हती. कुणीतरी मागायला हवं होतं. तुम्ही मागितलीत, तीही नियमाने."

मालनबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चहा कुणीच प्यायला नाही. त्याच आठवड्यात हिंमतरावांनी ती बंदूक परवान्यासकट कायमची देऊन टाकली. त्या वर्षीच्या दसऱ्याला पाटावर मालनबाईचा तराजू बसला.

त्याच्या थोडं आधी खरी निवडणूक आली. दिल्लीचीही आणि राज्याचीही, एकदमच. माझे कर्णे रिक्षांवर चढले. हिंमतराव दुकानाशी येऊन उभे राहिले.

"ही खरी का?"

"खरी."

"बरं." ते जायला वळले, आणि परत फिरले. "मन्सूरभाई, हा आजार कधीकधी उलटतो म्हणे. मी परत तसं काही बोलायला लागलो, तर उशीर करू नका. लगेच निवडणूक लावा."

मी नुसती मान हलवली. ते पायरी उतरले आणि खालून म्हणाले, "आणि या वेळी आधी तारीख ठरवा."